पाठ आहे, पण वाचता येत नाही

"मॅडम, नमस्कार. आम्ही सोलापूरला पूर्व भागात राहतो. घरात तेलुगू बोलतो. मुलगा मराठी शाळेत तिसरीला आहे. पहिल्या सत्राचं प्रगतीपुस्तक मिळालं. मराठीत क-2, गणितात ड, आणि शेरा 'वाचनाकडे लक्ष द्यावे'. पुस्तकातले धडे तो घडाघडा म्हणतो, पण दुकानावरची पाटी वाच म्हटलं की गप्प. 'दिवस'ला 'दवस' म्हणतो. 'भाकरी'चं 'बाकरी' लिहितो. 52 मधून 27 गेले की 35 लिहितो. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, त्याचं लक्ष नसतं, घरी घ्या. पाचशे रुपयांची शिकवणी लावलीय. तिथे पंचवीस पोरं असतात, गृहपाठ तेवढा पुरा होतो. सासूबाई म्हणतात, त्याच्या बापालाही उशिराच आलं, मोठा झाला की येईल. ह्यांचं म्हणणं, पुढच्या वर्षी इंग्लिश मीडियमला टाकू. रात्री कारखान्यातून आले की हे अभ्यासाला घेऊन बसतात आणि शेवटी मार बसतो. मी नववीपर्यंतच शिकले, घरी टॉवेलची शिलाई करते. अजून वर्षभर थांबावं का?"
– एक आई

ताई,

थांबू नका. शेवटी विचारलंत त्याचं उत्तर आधीच देऊन टाकते, कारण बाकीचं वाचायला शिलाईतून तुम्हाला वेळ मिळेल न मिळेल.

आता सावकाश बोलू. 'नववीपर्यंतच' असं तुम्ही संकोचून लिहिलंय, पण पोरगं कुठे अडतं हे तुम्ही जितकं नेमकं टिपलंय तितकं त्या प्रगतीपुस्तकात नाही. 'दिवस'चं 'दवस' होतं, म्हणजे द, व, स ही अक्षरं त्याला येतात. गाडी अडते वेलांटीपाशी. आपली पहिली वेलांटी मोठी फसवी. कागदावर ती अक्षराच्या आधी येते आणि तोंडात अक्षराच्या नंतर. डावीकडून वाचत येणाऱ्या पोराला आधी एक दांडी दिसते, तिचं काय करायचं ते कळत नाही, मग तो तिला वगळून पुढे जातो. पहिलीत असताना चार दिवस ताप आला किंवा गावाकडे लग्नाला गेलात, आणि वर्गात वेलांटी नेमकी त्याच चार दिवसांत होऊन गेली, एवढंही पुरतं. धडे काही थांबत नाहीत. मग पोरगं आपल्यापुरती युक्ती शोधतं, सगळं पाठच करून टाकायचं.

या युक्तीला मी एकदा पुरती फसलेय. नोकरीला पाच-सहा वर्षं झाली असतील. दुसरीच्या वर्गात एक खणखणीत आवाजाचा मुलगा होता, पहिलीपासून माझ्याच हाताखालचा. तपासणीला साहेब आले की मी त्यालाच उभं करायची. पुस्तक धरून, ओळीखाली बोट ठेवून, तो कुठेही न अडखळता धडा वाचायचा. एक दिवस वर्गात फेरी मारताना त्याच्या मागून सहज नजर गेली. तोंडात पाचवी ओळ चालली होती आणि बोट तिसऱ्या ओळीवर होतं. मी हळूच पान उलटलं. तो आधीच्याच पानावरचं म्हणत राहिला. दोन वर्षं माझ्यासमोर तो वाचत नव्हता, म्हणत होता, आणि मी शाबासकी देत होते. त्याच्या आईलाही मी सांगितलं होतं, काळजी करू नका, हुशार आहे. हुशार होताच, नाहीतर अख्खं पुस्तक पाठ झालं नसतं.

बाई म्हणतात लक्ष नसतं. नसेलही. ज्याला फळ्यावरचं वाचता येत नाही तो पाच मिनिटांनी खिडकीबाहेर बघणारच.

येत्या रविवारी सकाळी, तो ताजातवाना असताना, पाठ्यपुस्तक बाजूला ठेवा आणि एका कोऱ्या कागदावर तुमच्या हातानं लिहा. वरच्या ओळीत सुटी अक्षरं. त्याखाली बिनकान्याचे शब्द, घर, वजन, कमळ. मग काना आणि मात्रा असलेले, मग वेलांटीचे, उकाराचे, सगळ्यात खाली जोडाक्षरांचे. शेवटी त्याच्याबद्दलचीच तीन-चार वाक्यं, त्यानं आधी कुठेही न वाचलेली. 'काल आपण मामाकडे गेलो. मामाने पेरू दिला.' एवढी सोपी. वाचताना दुरुस्त करू नका, रागावू नका, 'अरे हे तर पहिलीचं' असं तर चुकूनही म्हणू नका. नुसतं बघा, आणि अडेल तिथे पेन्सिलीची बारीक खूण करा. दहा मिनिटांचं काम आहे. त्या खुणा जिथून सुरू होतात तिथून त्याचा अभ्यास सुरू व्हायला हवा. मग ते पहिलीचं असो की बालवाडीचं.

माझं सगळं म्हणणं खरं तर एवढंच आहे. तिसरीच्या पोराला तिसरीचंच पण दुप्पट वेळ शिकवणं याला आपण मदत म्हणतो. शिकवणीत तेच चाललंय, रात्री त्याचे वडील तेच करतात. पण त्याचा पाय दुसऱ्या पायरीवरून घसरलाय, आणि सगळे त्याला पाचव्या पायरीवरून हात देतायत.

एकदा पायरी सापडली की रोज वीस मिनिटं पुरतात. वेलांटीला चार-पाच दिवस द्या. 'क' लिहा, शेजारी 'कि' लिहा, बोट आधी अक्षरावर ठेवायला शिकवा आणि मग वेलांटीवर. दव-दिव, मळ-मिळ, पक-पिक असे जोड्यांनी वाचून घ्या. शब्दाला अर्थ नसला तरी चालेल, उलट बरंच, पाठ म्हणता येत नाही. त्यानंतर वाचनाला बाहेर घेऊन जा. आपल्या गावातल्या पाट्या चढत्या क्रमानं लावलेल्या आहेत की काय असं मला नेहमी वाटतं. साखर पेठ वाचायला काना आणि मात्रा आली की झालं. नवी पेठेला दुसरी वेलांटी लागते. मधला मारुतीला उकार, आणि तो 'रु' मेला वेगळाच काढतात, तेही तिथेच सांगून टाकायचं. कन्ना चौकात पहिलं जोडाक्षर भेटतं. सात रस्त्याला दुसरं. सिद्धेश्वर पेठ सगळ्यात शेवटी, तिथे मलासुद्धा मुलांना दोनदा म्हणून दाखवावं लागायचं. बाजाराला जाताना रोज एक पाटी, एकच. दुसरी वाचायचा हट्ट त्यानं धरला तर तो त्याचा.

आता गणित. 52 वजा 27, उत्तर 35. दोनातून सात जात नाहीत, म्हणून त्यानं सातातून दोन काढले, आणि पाचातून दोन. म्हणजे वजाबाकी त्याला येते, दशक मोडायला येत नाही. खराट्याच्या काड्या घ्या, दहादहाचे जुडगे करून रबर लावा. पाच जुडगे आणि दोन सुट्या काड्या समोर ठेवा आणि त्यातल्या सत्तावीस मागा. पहिल्यांदा तो सुट्या दोन काड्यांकडे बघत बसेल. बसू दे. रबर त्याच्या हातानं सुटलं पाहिजे, तुमच्या नाही. आठ-दहा वेळा रबर सोडून झालं की मग वही.

अजून एक तपासा. 'पंचवीस' म्हटल्यावर तो कधी 52 लिहितो का? मराठीत आपण पाच आधी म्हणतो आणि वीस नंतर, लिहिताना मात्र उलटं. तुमच्या घरात 'इरवै ऐदु' म्हणजे वीस-पाच असं सरळ चालतं. त्यात आपलं एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी! 2019 मध्ये बालभारतीनं दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आणलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. मला तेव्हाही ते इतकं वाईट वाटलं नव्हतं. तुमच्या घरात ही सोय आयती आहे, आकडा आधी तेलुगूत म्हणू द्या, लिहू द्या, मग मराठीत म्हणायचा.

'बाकरी'चंही थोडंफार तसंच. घरी तेलुगू बोलणाऱ्या मुलांच्या तोंडात भ, ध, घ यांचा हकार बऱ्याचदा हलका पडतो, आणि जसं बोललं जातं तसं लिहिलं जातं. हा दोष नाही, फक्त त्याला ऐकून वेगळं करायला शिकवावं लागतं. तोंडासमोर तळहात धरायला सांगा. 'बात' म्हणताना हाताला हवा लागत नाही, 'भात' म्हणताना लागते. पोरांना हा खेळ भारी आवडतो. पण म्हणून घरात तेलुगू बंद करू नका हं. काही शिक्षकच पालकांना सांगतात, घरी मराठीच बोला. मी नाही सांगणार. ज्या भाषेत सासूबाई त्याला गोष्ट सांगतात, ज्यात तो तुमच्याशी भांडतो, ती भाषा पक्की असेल तर दुसरी तिच्यावर उभी राहते. याच कारणासाठी इंग्लिश मीडियमचा विचार आत्ता बाजूला ठेवा. मराठी वाचायला अडणाऱ्या पोराला तिसऱ्या भाषेत, वेगळ्या लिपीत टाकलं तर तिथेही तो पाठच करेल. फी भरून पाठ करेल, एवढाच फरक. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंही निदान पाचवीपर्यंत जमेल तिथे घरच्या भाषेतून शिकवावं असंच म्हटलंय.

सासूबाईंनी कधी विड्या वळल्यात का? पूर्व भागात बऱ्याच घरांत वळल्या आहेत म्हणून विचारते. ज्या बाईनं पंचवीस विड्यांच्या जुडग्यांचा, म्हणजे कट्ट्यांचा, हजारापर्यंतचा हिशेब आयुष्यभर तोंडी केलाय, तिच्याकडे पाढ्यांचं काम द्या. चार कट्टे म्हणजे शंभर, चाळीस म्हणजे हजार. तंबाखू-पानं लांबच ठेवा, नुसता हिशेब.

या सगळ्याच्या बरोबरीनं, नंतर नाही, डोळे आणि कान दाखवून घ्या. पुस्तक नाकाशी धरतो का, टीव्हीच्या अगदी पुढ्यात बसतो का, फळ्यावरचं उतरवताना शेजाऱ्याच्या वहीत बघतो का? मागून हळू आवाजात हाक मारली तर वळतो का? कान फुटायची सवय आहे का? सरकारी आणि अनुदानित शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा तपासणीला येतं, त्या दिवशी तो हजर होता का ते वर्गात विचारा. नसेल तर सिव्हिलला जा. डोळ्यांची आणि कान-नाक-घशाची ओपीडी वेगवेगळी असते, सकाळी लवकर केसपेपर काढलात तर दोन्ही एका फेरीत होतात. स्मरणशक्तीचं सिरप कुणी सुचवलं तर त्या पैशांत पेरू आणा.

मार बंद. यावर मी जास्त लिहीत नाही. बारा तास मागाची खटखट ऐकून आलेला माणूस रात्री नऊला वजाबाकी शिकवू शकत नाही आणि झोपेला आलेलं पोर ती शिकू शकत नाही, हे त्यांनाही माहीत आहे. त्यांना दुसरं काम द्या. आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी त्याला घेऊन बाहेर जायचं आणि पाटी वाचून घ्यायची, एवढंच.

आणि त्यांना एक प्रश्न विचारा, पण दोघंच असताना. 'बापालाही उशिरा आलं' असं सासूबाई धीर द्यायला म्हणतात. मी ते वाक्य दोनदा वाचलं. त्यांना वाचन उशिरा आलं, की अजूनही वाचताना त्रास होतो? मोबाइलवरचा लांब मेसेज ते तुम्हाला वाचायला देतात का? काही मुलांच्या मेंदूला अक्षर आणि आवाज यांची सांगड घालणं मुळातच जड जातं, बुद्धी चांगली असूनही. त्याला विशिष्ट अध्ययन अक्षमता म्हणतात आणि ती घराण्यात चालत येऊ शकते. तुमच्या मुलाला ती आहे असं मी म्हणत नाही. पत्रावरून कुणीच म्हणू नये. त्याच्या बऱ्याच चुका भाषेच्या आणि राहून गेलेल्या पायऱ्यांच्या वाटतात. पण रोज वीस मिनिटं देऊनही सहा-आठ आठवड्यांत तो जागचा हलला नाही, कालची वेलांटी आज पुन्हा पुसली गेली, तर तपासणी करून घ्यायची. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ही अक्षमता धरलेली आहे. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तिसरीत किंवा वयाच्या आठव्या वर्षी, जे आधी येईल तेव्हा, शिक्षकांनी प्राथमिक चाचपणी करायची असते. म्हणजे तुम्ही लवकर आलेल्या नाही आणि उशिराही नाही, अगदी वेळेवर आहात. पुढे बालरोगतज्ज्ञ डोळे-कान बघतात, मग मानसशास्त्रज्ञ बुद्धीची आणि वाचन-लेखनाची चाचणी घेतात. तिथे जाल तेव्हा घरची भाषा तेलुगू आहे हे आधी सांगा, नाहीतर भाषेची अडचण अक्षमतेच्या खात्यात जमा होते. प्रमाणपत्र मिळालं तर दहावीला जास्तीचा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. 'मंद' असा शिक्का नसतो तो. हे त्याच्या वडिलांनाही सांगा. कदाचित त्यांना स्वतःबद्दलही काहीतरी कळेल.

'मोठा झाला की येईल' याला मी एवढी का बिचकते? सध्या तो वरच्या वर्गात जातोय, म्हणून घरात सगळ्यांना वाटतं चाललंय बरं. पण आपल्याकडे 2023-24 पासून पाचवीला आणि आठवीला वार्षिक परीक्षा सुरू झालीय. नापास झाला तर फेरपरीक्षा, तीही गेली तर त्याच वर्गात. त्याच्याकडे जवळजवळ अडीच वर्षं आहेत असं वाटतं खरं, पण चौथीपासून परिसर अभ्यास, इतिहास, सगळंच वाचूनच शिकायचं असतं. वाचन अडलं की प्रत्येक विषय अडतो, आणि मग पोरगं स्वतःच स्वतःला 'ढ' म्हणायला लागतं. तिथून परत आणणं फार जड जातं. मी आणलीत, आणि काही मला आणता आली नाहीत. त्या पाठांतरवाल्या मुलाला चौथीत गाठून मी अक्षरांपासून शिकवलं. वाचायला शिकला, पण मोठ्यानं वाचायला तो पुन्हा कधी उभा राहिला नाही.

तो एकटा आहे असंही समजू नका. 'असर' म्हणून देशभर पाहणी होते. 2024 च्या पाहणीत ग्रामीण भागातल्या पाचवीच्या निम्म्याहून थोड्या कमी मुलांना दुसरीचा उतारा वाचता आला. म्हणजे उरलेली निम्मी पाचवीत बसून तुमच्या मुलाच्याच पायरीवर आहेत.

शिकवणीचं काय? त्या ताईंना विचारा, पंचवीसमधून बाजूला काढून याला एकट्याला रोज पंधरा मिनिटं पहिलीपासून वाचून घ्याल का? हो म्हणाल्या तर पाचशे रुपये सार्थकी. नाही म्हणाल्या तर शेजारची एखादी आठवी-नववीची मुलगी बघा. ती हसणारी असली म्हणजे झालं, हुशार नसली तरी चालेल.

राहिल्या वर्गातल्या बाई. त्यांच्यावर चिडू नका. शिक्षण हक्क कायदा प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक म्हणतो, त्यांच्या वर्गात किती आहेत ते एकदा मोजा. शाळा सुटताना फाटकावर गाठलंत तर 'लक्ष नसतं' याखेरीज दुसरं उत्तर त्यांना सुचणार नाही. आदल्या दिवशी चिठ्ठी पाठवा, दहा मिनिटं मागून घ्या. वर्षाच्या सुरुवातीच्या पायाभूत चाचणीत तो कुठे होता ते विचारा. महिनाभर सगळ्यांसमोर धडा वाचायला उभं करू नका, पुढच्या बाकावर बसवा आणि आठवड्यातून दोनदा माझ्या कागदावरचं वाचून घ्या, अशी विनंती करा. महापालिका किंवा अनुदानित शाळा असेल तर समग्र शिक्षा या सरकारी योजनेचे विशेष शिक्षक कधी येतात तेही विचारून ठेवा. बाई टाळायला लागल्या तर मुख्याध्यापकांकडे जा, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेला अजून सात-आठ आठवडे आहेत. तोपर्यंत हे करून बघा, तपासणीला जायचं की नाही ते संक्रांतीनंतर ठरवू. सोमवारी शाळेत जाताना रविवारचा तो खुणांचा कागद न्या आणि 52 मधून 27 गेले 35 असं लिहिलेलं वहीचं पान उघडून बाईंसमोर ठेवा. मग तुम्ही थोडा वेळ गप्प बसा, बाईंना ते पान बघू द्या.